किल्ली, पैसा आणि सही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सोलापुरात होटगी रस्ता, विजापूर रस्ता किंवा जुळे सोलापूर या भागांतून सहज फेरी मारली तर बंद घरांच्या फाटकांवर, गच्चीच्या कठड्यांवर ‘भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या दिसतात. पाटीवर एक फोन नंबर असतो. पूर्वी तो घरमालकाचा असे, नाहीतर ‘चौकशी शेजारी करावी’ असे लिहिलेले असे. आता पुष्कळदा तो नंबर मध्यस्थाचा असतो. मालक पुण्यात असतात, हैदराबादला असतात, काही तर त्याहूनही लांब, अमेरिकेत किंवा आखाती देशांत.

यात नवल नाही. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागाचे दिवस पालटले आणि शिकलेली मुले नोकरीसाठी पुण्याची वाट धरू लागली. आईवडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून, सोसायटीच्या कर्जातून बांधलेली घरे मात्र इथेच राहिली. आईवडील मुलांकडे गेले की घराला कुलूप लागते. बंद घराला वाळवी लागते, नळ गंजतात, अंगणात गवत माजते. मग कोणीतरी सुचवते, ‘अहो, आता कंपन्या असतात. घर त्यांच्या ताब्यात द्या. भाडेकरू आणणे, करार करणे, भाडे गोळा करणे, दुरुस्ती, घरपट्टी, लाइटबिल, सगळे तेच बघतात. तुम्ही फक्त महिन्याचे पैसे मोजा.’

ही कल्पना तशी नवी नाही. पेठांमधल्या वाड्यांना आणि चाळींना पूर्वी दिवाणजी असत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पावतीपुस्तक काखेत मारून ते दारोदार फिरत. कुठल्या खोलीचे छप्पर गळते, कोणाकडे कोण पाहुणा म्हणून येऊन मुक्कामच ठोकून बसला आहे, याची त्यांना खडान्‌खडा माहिती असे. त्यांतले काही अत्यंत सचोटीचे होते, तर काहींनी मालकाच्या वाड्यावर स्वतःचे घर बांधले. आज दिवाणजी गेले आणि त्यांच्या जागी एजंट आले, कंपन्या आल्या. मात्र जुना प्रश्न अजून तसाच आहे. कुंपणाने शेत खाऊ नये, यासाठी शेताच्या मालकाने काय करायचे?

मी वकिली करते आणि घरभाड्याची प्रकरणे नेहमी हाताळते. कंपन्यांच्या किंवा एजंटांच्या विरोधात बोलावे, असा माझा हेतू नाही. परगावी असलेल्या माणसाला कोणावर तरी विसंबावेच लागते, आणि हे काम नीट करणारी माणसे आपल्या शहरात आहेत. माझे सांगणे एवढेच आहे की, आपण घर सांभाळायला देतो तेव्हा प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी देत असतो. पहिली घराची किल्ली, दुसरी पैशाची ये-जा आणि तिसरी आपली सही. किल्ली म्हणजे ताबा, पैसा म्हणजे हिशेब आणि सही म्हणजे अधिकार. या तिन्ही गोष्टी एकाच हाती, एकाच दिवशी, एकाच कागदावर दिल्या की बहुतेक भांडणांचे बीज तिथेच पडते. म्हणून या तिघींचा विचार वेगवेगळा करू या.

आधी किल्लीचा विचार करू. घरमालकांना सर्वांत मोठी धास्ती असते ती ही, की ज्याला सांभाळायला दिले तोच घरात ठाण मांडून बसला तर? बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते म्हणतात, ते खरे का? ही समजूत अर्धवट आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांची मुदत आहे, पण ती मालकाचा हक्क उघडपणे नाकारून, त्याच्या विरोधात ताबा ठेवणाऱ्यासाठी. मालकाच्या परवानगीने राहिलेल्या माणसाचा ताबा असा विरोधी ठरत नाही.

याविषयी शेजारच्या गोव्यातले एक प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. मारिया मार्गारिडा सिक्वेरा फर्नांडिस विरुद्ध इरास्मो जॅक डी सिक्वेरा हा बहीण-भावातला खटला. घर बहिणीचे, ताबा भावाकडे. बहिणीचे म्हणणे असे की, भावाला फक्त देखभालीसाठी राहू दिले होते. खालच्या न्यायालयांत कौल भावाच्या बाजूने गेला. शेवटी मार्च २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहिणीच्या बाजूने निकाल दिला आणि नियम स्पष्ट केला. राखणदार, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षे जागेत राहिला, तरी त्या राहण्यातून त्याला जागेत हक्क मिळत नाही. मालकाने मागितला की ताबा परत द्यायचा.

निकाल मालकाच्या बाजूचा आहे, हा दिलासाच आहे. पण तो मिळवायला त्या बहिणीला खालच्या कोर्टापासून थेट दिल्लीपर्यंत लढावे लागले, हेही विसरू नये. सख्ख्या भावाबाबत ही वेळ येते, तर परक्याबाबत कागद हवाच. म्हणून किल्ली देताना एक साधे पत्र करावे. कोणती जागा, कशासाठी, किती काळ. जागेचा ताबा कायद्याने मालकाकडेच आहे. सांभाळणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या माणसांनी तिथे राहायचे नाही. मागितल्यावर किल्ली परत करायची. सोबत घरातल्या वस्तूंची यादी आणि तारखेसह फोटो. नळ किती, पंखे किती, मीटरचे आकडे काय. हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. प्रामाणिक माणसालाही अशी यादी सोयीचीच असते, कारण पुढे मोडतोडीचा आळ त्याच्यावर येत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. इथली फसवणूक बहुधा दरोड्यासारखी येत नाही, ती वाळवीसारखी आतून पोखरते.

एक उदाहरण सांगते. नावे अर्थातच सांगत नाही. एक सेवानिवृत्त शिक्षिका. यजमान वारले, मुलगा परराज्यात, त्या त्याच्याकडे राहायला गेल्या. सोलापुरातल्या घराचे भाडे महिन्याला ९,००० रुपये. निवृत्तिवेतनाला तेवढाच हातभार. औषधपाणी त्यातून भागे आणि मुलापुढे हात पसरावा लागत नाही, याचे समाधान त्याहून मोठे. घर एका मध्यस्थ संस्थेकडे दिलेले. संस्थेने बाईंना कळवले, अनामत २०,००० घेतली आहे. भाडेकरूकडून प्रत्यक्षात घेतले होते ६०,०००. दोन वर्षे काही बिघडले नाही, कारण भाडे वेळेवर येत होते. भाडेकरू घर सोडायला निघाला आणि त्याने अनामत मागितली, तेव्हा संस्थेने फोन उचलणे बंद केले. भाडेकरू थेट बाईंच्या दारी. तो इस्पितळात काम करणारा गरीब माणूस. त्याच्याकडे पैसे पाठवल्याच्या बँकेच्या नोंदी होत्या. तो खोटे बोलत नव्हता.

आता हे ४०,००० कोणी द्यायचे? बाई म्हणणार, मला मिळालेच नाहीत. पण कायदा काय पाहतो? तुम्ही ज्याला पुढे केले, त्याला हा अधिकार आहे असा समज समोरच्याला तुमच्या वागण्यातून झाला असेल, तर त्याने तुमच्या वतीने केलेला व्यवहार तुम्हाला बांधून घेतो. १८७२ च्या करार कायद्याचे हे तत्त्व आहे. बाईंनी आपल्या भाड्यातून साठवलेले पैसे हप्त्याहप्त्याने भाडेकरूला परत केले आणि संस्थेवर वेगळी कारवाई सुरू केली. भाडेकरूचे पैसे बुडू द्यायचे नाहीत, हे त्यांनी स्वतः ठरवले. पण दीड वर्ष घराच्या उत्पन्नातले काहीच त्यांच्या हाती राहिले नाही.

मोठ्या शहरांत याहून धीट प्रकार उघडकीस आले आहेत. बेंगळुरूसारख्या ठिकाणी मध्यस्थ मालकाला सांगतो, घर महिन्याच्या भाड्याने दिले आहे. भाडेकरूला सांगतो, काही लाख एकरकमी द्या आणि दोन-तीन वर्षे बिनभाड्याने राहा. ती मोठी रक्कम स्वतः ठेवायची आणि त्यातूनच मालकाला दरमहा ‘भाडे’ पाठवत राहायचे. काही महिन्यांनी भाडे थांबते, मध्यस्थ गायब होतो. मालक भाडेकरूला म्हणतो, भाडे द्या. भाडेकरू म्हणतो, मी तर सगळे आधीच भरले. दोघेही खरे आणि दोघेही बुडालेले.

या सगळ्यावर उपाय अगदी साधा आहे. भाडे आणि अनामत भाडेकरूच्या खात्यातून सरळ मालकाच्या खात्यात जमा व्हावी. सांभाळणाऱ्याचा मेहनताना मालकाने वेगळा द्यावा. आज फोनवरून पैसे पाठवता येतात, तेव्हा ‘आधी आमच्याकडे जमा होईल, मग आम्ही तुम्हाला देऊ’ या व्यवस्थेची गरज उरलेली नाही. आणि करार होण्यापूर्वी मालकाने भाडेकरूशी एकदा तरी स्वतः बोलावे. पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉलसुद्धा पुरतो. ‘तुम्ही किती देता, कोणाला देता, कशासाठी देता’ हे तीन प्रश्न विचारले की बरेच काही कळते.

तरीही पैसे मध्यस्थामार्फत घ्यायचेच असतील, तर कायदा काय सांगतो ते माहीत हवे. करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे एजंटाने मागितल्यावर हिशेब दिलाच पाहिजे. कलम २१८ प्रमाणे मालकाच्या वतीने घेतलेली रक्कम, आपले देणे वजा करून, मालकाला दिलीच पाहिजे. मालकाचा पैसा एजंटाने अप्रामाणिकपणे गिळला, तर तो नुसता दिवाणी वाद राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये मुखत्याराने किंवा एजंटाने केलेल्या विश्वासघातासाठी दहा वर्षांपर्यंत, इतकेच काय आजन्म कारावासाचीही तरतूद आहे.

मेहनतान्याच्या पद्धतीकडेही बारकाईने पाहावे. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या कराराची चाल आहे. दर नव्या भाडेकरूमागे मध्यस्थाला दलाली मिळते, अनेकदा एका महिन्याच्या भाड्याइतकी. म्हणजे मालकाचा फायदा चांगला भाडेकरू टिकण्यात, तर मध्यस्थाचा फायदा भाडेकरू बदलण्यात. इथे माणूस वाईट असण्याची गरजच नाही. व्यवस्थाच त्याला त्या दिशेने ढकलते. दुरुस्तीचेही तसेच. खर्चाच्या टक्केवारीने मोबदला ठरला असेल, तर जिथे वायसर बदलून भागते तिथे नवा नळ बसतो. म्हणून नव्या भाडेकरूपेक्षा जुना टिकवल्याबद्दल काही अधिक द्यावे. दुरुस्तीसाठी एक मर्यादा ठरवावी, समजा २,००० रुपये. त्यावरच्या खर्चाला आधी विचारायचे, काम होण्यापूर्वीचा आणि नंतरचा फोटो पाठवायचा आणि मूळ बिल द्यायचे.

आपल्या शहराच्या काही खास गोष्टीही लिहून घ्याव्यात. सोलापुरात वर्षानुवर्षे पाणी काही दिवसांआड येत आले आहे. पाण्याचा दिवस कोणता, मोटार कोणी सुरू करायची, वरच्या मजल्याच्या टाकीत पाणी कोणी चढवायचे, या प्रश्नांवरून इथे चांगले भाडेकरू घर सोडून गेले आहेत. पुण्यात बसून फोनवर तक्रार नोंदवून घेणाऱ्या कंपनीला हा पाण्याचा दिवस कळत नाही. त्यासाठी पेठेतला, गल्लीतला माणूस लागतो. तसेच घरपट्टी आणि लाइटबिल. ‘आम्ही भरतो’ असे तोंडी सांगणे पुरेसे नाही, कारण थकबाकी मालकाच्याच नावावर चढते आणि महापालिकेच्या थकीत करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. दर सहा महिन्यांनी पावतीची प्रत मागावी. भाड्याने दिलेल्या कारखान्याच्या किंवा मागाच्या शेडबाबत तर विजेचे बिल दरमहा पाहावे, कारण तिथली थकबाकी दोन महिन्यांत भाड्याच्या पुढे जाते.

आता तिसरी गोष्ट, सही. मला विचाराल तर तिघींत सर्वांत जोखमीची हीच. किल्ली परत मागता येते, पैसा वसूल करता येतो, पण आपल्या सहीच्या अधिकाराने दुसऱ्याने काय काय केले, ते शोधून काढायलाच वर्षे जातात.

पुष्कळ मालक कंपनीने पुढे केलेल्या छापील कुलमुखत्यारपत्रावर न वाचता सही करतात. त्यात भाड्याने देणे असते, तसे गहाण ठेवणे, विकणे, बक्षीस देणे, कोर्टात तडजोड करणे हेही असते. घर भाड्याने द्यायला विक्रीचा अधिकार कशाला लागतो? ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नुसत्या मुखत्यारपत्राने घराची मालकी दुसऱ्याकडे जात नाही. त्यासाठी नोंदणी झालेले खरेदीखतच लागते. पण विक्रीचा अधिकार दिलेला मुखत्यार मालकाच्या वतीने असे खरेदीखतही करून देऊ शकतो, हे ध्यानात ठेवा. म्हणून द्यायचेच तर खास मुखत्यारपत्र द्या. एकच घर, एकच काम, ठरावीक मुदत. ‘विक्री, गहाण, बक्षीस यांचा अधिकार नाही’ असे स्पष्ट वाक्य त्यात असू द्या. ‘रद्द न करता येणारे’ हे शब्द कुठे दिसले, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

परदेशातल्या मुलांसाठी दोन शब्द. तिकडे केलेले मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीसमोर साक्षांकित करावे किंवा त्यावर तिथल्या सरकारचे अपोस्टिल प्रमाणपत्र घ्यावे. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे. आणि मालक अनिवासी असेल, तर त्याला भाडे देताना त्यातून आयकर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. मध्यस्थाने हे भाडेकरूला सांगितलेले नसते आणि मग दोघांनाही नोटिसा येतात.

सहीशी जोडलेला दुसरा विषय कराराच्या नोंदणीचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत जुनी आहे. आपल्या राज्यात ती आता चालत नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, मध्यस्थावर नाही. करार नोंदलेला नसेल, तर कोणत्या अटींवर जागा घेतली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रत्यक्षात काय होते? मध्यस्थ स्टँपपेपरवर मजकूर टंकून आणतो, नोटरीचा शिक्का मारतो आणि ‘करार झाला’ म्हणून दोघांकडून पैसे घेतो. खरे तर नोंदणीचा खर्च फार नाही. एकूण भाड्यावर, अनामतीवरचे ठरावीक व्याज धरून, ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. महिना ९,००० रुपये भाड्याच्या घराला अकरा महिन्यांचे मुद्रांक शुल्क तीनशे रुपयांच्या आसपास येते. नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. तीनशे रुपयांच्या त्या मुद्रांकावर आणि हजाराच्या फीवर पुढचे संरक्षण उभे आहे. राहण्यासाठी दिलेल्या घराच्या लायसन्सची मुदत संपूनही समोरचा निघाला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

सोलापूर बहुभाषिक शहर आहे. भाडेकरू तेलुगू बोलणारा असेल, कन्नड किंवा उर्दू बोलणारा असेल. करार त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगितला पाहिजे. न कळलेल्या कागदावरची सही उद्या भांडणालाच कारण होते.

पेठांमधल्या जुन्या भाडेकरूंचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथे पावती कोणाच्या नावाने फाडली जाते, याला फार महत्त्व. १९९९ च्या कायद्यातली ‘घरमालक’ या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे की, दुसऱ्याच्या वतीने भाडे घेणाराही तीत येतो. मात्र मालकाला स्वतःच्या गरजेसाठी जागा परत हवी असते, त्या कलम १६ मधल्या कारणापुरते कायद्याने बजावले आहे की, भाडे वसूल करणारा किंवा इस्टेट मॅनेजर हा घरमालक धरला जाणार नाही. म्हणजे कारभारी भाडे घेऊ शकेल, पण मालकाची गरज स्वतःची म्हणून पुढे करू शकणार नाही. म्हणून पावतीपुस्तक मालकाच्या नावाचे, क्रमांक घातलेले असावे, ‘मालकाच्या वतीने’ असे लिहूनच सही व्हावी आणि स्थळप्रती दर तीन महिन्यांनी मालकाकडे जाव्यात. मूळ भाडेकरू निघून गेला आणि कारभाऱ्याने तिथे बसलेल्या तिसऱ्याच माणसाच्या नावाने पावत्या फाडायला सुरुवात केली, तर त्या पावत्या उद्या मालकाच्याच विरोधात कोर्टात सादर होतात.

तुम्ही विचाराल, या कंपन्यांवर सरकारचा काही वचक नाही का? २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी लावली, पण ती प्रकल्पांतल्या सदनिका-भूखंडांच्या विक्रीसाठी. भाड्याची घरे सांभाळणे त्या चौकटीत बसत नाही. तेव्हा ‘आम्ही महारेराकडे नोंदलेले आहोत’ एवढ्यावरून भाड्याच्या कामाची हमी मिळाली, असे समजू नये. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. त्यात घर सांभाळणाऱ्याचा प्रथमच नीट विचार केलेला आहे. त्याची कामे कोणती, मालकाने भाडेकरूला त्याचे नाव, अधिकारपत्र आणि मुदत कळवायची, मालकाच्या सूचनांविरुद्ध वागल्यास त्याला दूर करता येईल आणि नुकसानभरपाई लावता येईल, अशा तरतुदी त्यात आहेत. पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. आपले व्यवहार १९९९ च्या कायद्यानेच चालतात. तरी या नमुन्यातल्या चांगल्या गोष्टी आपण आपल्या करारात लिहून घेऊ शकतो. त्याला कोणाची मनाई नाही.

शेवटी फारकतीविषयी. काम पटले नाही तर बाजूला कसे व्हायचे, हे नेमतानाच ठरवावे. एक महिन्याची लेखी सूचना, हिशेब, किल्ल्या, पावतीपुस्तक आणि अनामतीची रक्कम परत, एवढे लिहावे. इथे करार कायद्यातल्या तीन गोष्टी मालकांना बहुधा माहीत नसतात. पहिली, कलम २०८. एजंटाला काढल्याचे त्याला कळवून भागत नाही. भाडेकरूला ते कळेपर्यंत त्याने जुन्या एजंटाला दिलेले भाडे मालकाला मान्य करावे लागते. म्हणून त्याच दिवशी भाडेकरूला लेखी कळवा. दुसरी, कलम २२१. आपला मेहनताना थकला असेल तर, वेगळे ठरलेले नसल्यास, एजंट त्यापोटी मालकाचे कागदपत्र अडवून ठेवू शकतो. तेव्हा मूळ खरेदीखत, प्रॉपर्टी कार्डाचा मूळ उतारा त्याच्याकडे देऊच नका. झेरॉक्स पुरते. तिसरी, कलम २०१. अधिकार देणाऱ्याच्या मृत्यूने एजंटाचा अधिकार संपतो. आई गेल्यावरही तिच्या मुखत्यारपत्रावर वर्षानुवर्षे करार होत राहतात, आणि मुलांना ते वाटणीच्या वेळी कळते. दुःखाचे दिवस सरले की वारसांनी आधी हे काम करावे.

श्रोतेहो, एवढे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग घर बंदच ठेवलेले बरे. तसे करू नका. शहरात विद्यापीठ आहे, इस्पितळे आहेत, बदलीवर येणारे नोकरदार आहेत. त्यांना घर हवे असते आणि तुमच्या घराला माणसांची वस्ती हवी असते. सांभाळणारा चांगला मिळाला तर त्याला वेळेवर आणि पुरेसा मेहनताना द्या. पाचशे रुपये वाचवण्यासाठी त्याला उपाशी ठेवाल, तर तो ते दुसरीकडून काढणारच. वर्षातून एकदा, गड्ड्याच्या यात्रेला म्हणा, दिवाळीला म्हणा, गावी याल तेव्हा एक तास घरासाठी काढा. भाडेकरूच्या हातचा चहा घ्या, नळ सोडून बघा, गच्चीवर चढून पाहा. आणि ज्यांचे घर आज दुसऱ्याच्या भरवशावर आहे, त्यांनी या आठवड्यातच तीन कागद बाहेर काढावेत: मुखत्यारपत्र, भाडेकरार आणि शेवटची घरपट्टीची पावती. मुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार आहे का, करारावर दुय्यम निबंधकाचा नोंदणी क्रमांक आहे का, आणि पावती याच वर्षाची आहे का, एवढे पाहावे. काही कमी दिसले तर घाबरू नका, पण पुढच्या महिन्यावरही टाकू नका.